माणशी अर्धा एकर : पाणी पंचायतीची वाटचाल

पुरंदर तालुका एकच, पण त्याचे पावसाळे दोन. पश्चिमेला किल्ल्याच्या डोंगररांगेत जून-जुलैत धुके हटत नाही. सासवड मागे टाकून पूर्वेकडे निघाले की पाऊस आखडत जातो. नायगावच्या शिवारात वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते वर्ष बरे गेले म्हणायचे. त्यातलाही बराचसा चार-दोन सरींत कोसळतो आणि उघड्या माळावरची माती ओरबाडून ओढ्याला मिळतो. दरसाल ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून याच तालुक्यात येते, सासवड, जेजुरी, वाल्हे असे मुक्काम करते. लाखो वारकऱ्यांना पाणी पाजणारा हा मुलूख पालखी पुढे गेली की स्वतःच्या पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो. गावाने आपले पाणी आपणच अडवून वाटून घेण्याची चळवळ, म्हणजे पाणी पंचायत, इथे जन्माला आली.

तिचा इतिहास बांधांचा, विहिरींचा आणि पंपांचा म्हणून सांगता येतो आणि बहुतेक वेळा तसाच सांगितला जातो. मला तो एका हिशेबाचा इतिहास वाटतो. गावातले पाणी वाटायचे झाले तर मोजायचे काय, जमीन की माणसे? या प्रश्नाला नायगावने जे उत्तर दिले, त्यातून बाकी सारे आले. ते उत्तर जिथे पाळले गेले तिथे पाणी टिकले, जिथे सैल पडले तिथे विहीर आणि पंप असूनही योजना बसली.

१९७२चा दुष्काळ ज्यांच्या वाट्याला आला, त्या पिढीच्या तोंडी काही शब्द अजून येतात. रेशनवरचा लाल मिलो, कामावर पोरांना मिळणारी सुकडी, मस्टर, मुकादम. सरकारने कामे काढली आणि माणसे जगवली, हे लहान काम नव्हते. मे १९७३मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला याच दुष्काळाने बळ दिले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण कामांचे स्वरूप पाहिले की मन खट्टू होई. गावोगाव खडी फोडली जात होती. रस्त्याकडेला खडीचे ढीग वाढत होते, पाऊस पडला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच हातोडी आणि तीच खडी. एवढ्या हातांनी त्याच दिवसांत गावचे पाणी अडवले असते तर पुढचा दुष्काळ थोडा तरी सोसवला असता, हे लोकांना कळत होते. ते बोलूनही दाखवत होते.

हे बोलणे ज्यांनी मनावर घेतले, ते विलासराव साळुंखे. शिक्षणाने यंत्र अभियंता, पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे बनवणारा त्यांचा कारखाना. दुष्काळात मदतीच्या निमित्ताने ते पुरंदरमध्ये फिरले आणि मदत वाटून परत जाण्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९७४ साली त्यांनी नायगावच्या देवस्थानची ४० एकर जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. ही जमीन कुणी कसायला मागत नव्हते. चढउताराची, वीतभर मातीची, जागोजाग मुरूम उघडा पडलेली. विलासराव आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताई यांनी याच माळाला आपली प्रयोगशाळा केली. ग्रामगौरव प्रतिष्ठान ही विश्वस्त संस्था याच कामातून उभी राहिली.

माळावर जे केले ते आज पाणलोटाच्या प्रत्येक पुस्तिकेत सापडते. त्या वेळी मात्र शेतकऱ्याला ते करून दाखवावे लागत होते. दख्खनच्या या भागात वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा कातळ. पाणी धरून ठेवतो तो मुरूम. त्यात पाणी मुरायला वेळ मिळाला पाहिजे, आणि वेळ मिळण्यासाठी ते पळता कामा नये. म्हणून माथ्यापासून सुरुवात करून उताराला आडवे समपातळी बांध घातले, ओढ्याला जागोजाग अडवले, पायथ्याशी पाझर तलाव बांधला. तलावात दिसणारे पाणी वापरायचे नाही, ते मुरू द्यायचे आणि तलावाखालच्या अंगाला खोदलेल्या विहिरीतून उपसायचे. तिथून पंपाने पुन्हा वरच्या शेतात चढवायचे. तिथे पडलेला थेंब पुन्हा उताराने खाली मुरत येणार. काही वर्षांतच ज्या माळावर कुसळे वाढत होती तिथे ज्वारी, गहू, हरभरा उभा राहिला. बांधांवर झाडे धरली.

गावकरी येऊन बघू लागले आणि त्यांनी मागणीही केली, आम्हालाही हे करून द्या. संस्थेच्या इतिहासातला खरा वळणाचा क्षण इथे येतो. विलासराव कारखानदार होते, पैसा उभा करू शकत होते, सरकारी कार्यालयांत त्यांचे शब्द ऐकले जात होते. चार विहिरी खोदून, चार पंप बसवून त्यांनी दानशूर म्हणून नाव मिळवले असते. त्यांनी त्याआधी एक साधी विचारणा केली. पाणी आले तर ते कुणाचे?

आजूबाजूला पाहिले तर याचे उत्तर दिसतच होते. तालुक्याच्या दक्षिण अंगाला नीरेच्या कालव्यावर उसाचे हिरवेगार पट्टे होते आणि कालव्याच्या वरच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, जिराईत माळ. पाणी जमिनीमागे जात होते. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. ज्याची जमीन कालव्याच्या वर, त्याला काहीच नाही. ज्याला जमीनच नाही, त्याचे नाव हिशेबात येत नव्हते. खासगी उपशाचेही तेच. मोटर घेण्याची ऐपत ज्याची, त्याची विहीर खोल जाई आणि शेजाऱ्याची आटे. अशा रीतीने पाणलोटाचे काम केले तर काय होणार, हे समजायला अभियंता असण्याची गरज नव्हती. बांध साऱ्या गावाने घालायचे, माथ्यावरच्या गरिबाने आपल्या शेतात पाणी मुरवायचे आणि ते पाणी पायथ्याच्या सधन माणसाच्या विहिरीत निघायचे.

म्हणून नियम आधी ठरले आणि पंप नंतर बसले. योजना एकट्या शेतकऱ्याला मिळणार नाही, गटाला मिळेल. पाणी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांपर्यंतच. बाकीची जमीन जिराईत राहील. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटणार नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही, तो हक्क गटाकडे परत येईल. उसासारखी बारमाही, पाणीपिऊ पिके कुणी घेणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील.

हे नियम कागदावर पाच ओळींत मावतात. गावच्या बैठकीत ते कसे उतरतात हे जवळून पाहिल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही. एखादा गट डोळ्यांसमोर आणा. एका घरात आठ माणसे आणि १२ एकर जमीन. आठ माणसांचे चार एकर होतात, पण मर्यादा अडीचची. म्हणजे साडेनऊ एकर कोरडवाहूच राहणार. दुसऱ्या घरात तीन माणसे, दोन एकर. त्यांना दीड एकराचे पाणी. तिसरे घर एकट्या विधवेचे, जमीन तीन एकर, पाणी अर्ध्या एकराचे. चौथे घर मजुराचे, चार माणसे, जमीन गुंठाभरही नाही. त्याच्या नावावर दोन एकराचे पाणी. १२ एकरवाला पहिल्यांदा उसळून उठणार हे उघड आहे. त्याचे म्हणणे, माझी जमीन तुमच्या तलावाखाली जाते, माझ्या बांधावरून पाइप जातो, आणि पाणी त्याला, ज्याच्याकडे ओलवायला जमीनच नाही? आता पुढे बघा. मोठ्या शेतकऱ्याकडे जमीन पडून आहे आणि मजुराकडे पाणी आहे. मजूर त्याची जमीन वाट्याने करू शकतो, आपले पाणी तिथे नेऊ शकतो. जो कालपर्यंत दिवसाच्या रोजंदारीसाठी दारात उभा राहत होता, तो आज काहीतरी घेऊन बोलणी करायला येतो. गावातल्या दोन घरांचे नाते बदलण्याची ताकद या एका नियमात आहे. भूमिहीनांचा वाटा प्रत्यक्षात उतरवणे सर्वांत अवघड गेले, हेही इथेच नोंदवले पाहिजे. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना मनापासून वाट मोकळी करून द्यावी लागे, आणि ती प्रत्येक गावात मिळाली नाही.

अर्धा एकरच का, हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब पोटाचा होता. अर्धा एकर बारमाही नव्हे, पण आठमाही ओलिताखाली आला तर एका माणसाची वर्षाची भाकरी आणि वरखर्चापुरते पीक निघते. पाच माणसांच्या घराला अडीच एकर मिळाले तर घरातल्या कुणालाही मुंबईला गिरणीत किंवा गोदीत जाऊन चाळीतल्या खाटेवर पाळीने झोपावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. पुरंदरच्या गावांतून मुंबईला गेलेल्या माणसांची मोजदाद कुणाला जमली असती असे वाटत नाही, इतकी ती वाट रुळलेली होती. माणशी हिशेबाने घरे पोरांची संख्या वाढवतील, अशी शंका काहींनी घेतली. अडीच एकरांच्या मर्यादेने त्या शंकेची सोय आधीच लावली होती.

उसाबद्दलचा नियम अनेकांना जाचक वाटला, आणि का वाटला हे समजण्यासारखे आहे. ऊस पैसा देतो, कारखाना घेऊन जातो, बाजाराची चिंता नसते. पण ऊस शेतात वर्षभर ते दीड वर्ष उभा राहतो आणि सतत पाणी मागतो. रब्बी ज्वारी तीन-चार पाण्यांत हाती येते. एका एकर उसाचे पाणी ज्वारी-हरभऱ्याला दिले तर कितीतरी एकर भिजतात. पाझर तलावाच्या भरवशावर चालणाऱ्या विहिरीत एवढे पाणी नसते. गटातल्या एकाने जरी ऊस लावला, तरी मार्चमध्ये बाकीच्यांचा गहू वाळणार. म्हणजे हा नियम पिकाचा दिसतो, पण मुळात तो शेजारधर्माचा आहे. माझ्या पिकाने शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी जाऊ नये, एवढेच त्यात सांगितलेले आहे. आज ज्याला शाश्वत शेती म्हणतात तिचा अर्थ नायगावने या ओळखीच्या शब्दांत लावला.

पैशाचाही हिशेब असाच विचार करून बसवला होता. योजनेच्या खर्चातला निम्मा वाटा सरकारी अनुदानातून, ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी, आणि २० टक्के शेतकऱ्यांनी स्वतः, तेही काम सुरू होण्याआधी रोख. दुष्काळी गावात २० टक्के जमवणे सोपे नव्हते. कुणी शेळी विकली असेल, कुणी मुंबईच्या नातेवाइकाकडून मागवले असतील. या आग्रहाला कठोर म्हणणारे होते. मला तो योग्यच वाटतो. फुकट आलेल्या पंपाची मोटर जळली की माणसे सरकारकडे बघतात. स्वतःचे पैसे घातलेल्या पंपाची मोटर जळली की रात्रीत वर्गणी जमा होते.

रोजचा कारभार गटाचे पंच आणि गटप्रमुख बघत, आणि पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे. पाटकरी गटाने नेमलेला, गटाकडून पगार घेणारा. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती तास पाणी हे त्याच्या वहीत असते. शेतकऱ्याने स्वतः तोंड फोडून पाणी घ्यायचे नाही. वीज रात्री आली तर पाटकरी रात्री उठतो, बॅटरी घेऊन चारीच्या कडेने चालत जातो, एका शेताचे तोंड मातीने बुजवतो, दुसऱ्याचे उघडतो. पाळी चुकली तर भांडण त्याच्याशी होत नाही, पंचांपुढे होते. गावातला मोठा माणूस दरडावून पाणी मागतो तेव्हा वही उघडून दाखवण्याचे धैर्य पाटकऱ्याला हवे, आणि ते धैर्य त्याला पंचांनी पुरवायला हवे. पाणी पंचायतीच्या चांगल्या चाललेल्या योजना पाहिल्या तर त्यांच्या यशातला मोठा भाग अशा पाटकऱ्यांचा आहे, ज्यांची नावे कुठल्याही अहवालात आलेली नाहीत.

नायगावनंतर महूर आणि तालुक्यातली इतर गावे या कामात आली. १९७९च्या सुमारास ‘पाणी पंचायत’ हे नाव रूढ झाले आणि ऐंशीच्या दशकात योजना एकामागून एक उभ्या राहिल्या. विलासरावांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे अभ्यासक नायगावला येऊ लागले. या वर्षांविषयी लिहिलेले पुष्कळ आहे, म्हणून इथे मी ते फार लांबवत नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की राळेगणसिद्धीत काम सुरू करताना अण्णा हजारे विलासरावांचे काम पाहायला आले होते आणि तिथले पाणलोटाचे काम त्यांनी आपल्या गावी नेले.

विलासरावांच्या नियमांना एकदम आकाशातून पडलेले समजू नये. महात्मा फुले यांच्या पूर्वजांचे गाव खानवडी याच पुरंदर तालुक्यातले. जोतीरावांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचे पाणी जागोजाग अडवून शेतात मुरवावे, असे त्यांनी सांगितले. हौद आणि बांध, दोन्ही एकाच माणसाच्या विचारात होते, हे आपण सोयीने विसरतो. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो प्रश्न उभा केला तो माणसाच्या मोलाचा होता आणि तो पाण्याच्या काठावर उभा केला. पाण्यावर कुणाचा हक्क आहे, हे ज्या समाजात ठरत नाही, त्या समाजात पाणी टिकवण्याची सगळ्यांची जबाबदारीही ठरत नाही. नायगावचा माणशी हिशेब मला या रांगेतला वाटतो.

दुसरा वारसा गावगाड्यातला आहे. पांझरा, मोसम, आरम या खानदेश-बागलाणच्या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक हे सारे मिळून ठरवायचे. पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसे तिथेही नेमलेली असत. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांचेही असेच आपले नियम होते. सामाईक पाण्याचा कारभार करण्याची अक्कल आपल्या खेड्यांत होती. तिच्यात नव्हते ते भूमिहीनाचे नाव. फडात वाटा जमीनवाल्याचाच. पाणी पंचायतीने जुनी अक्कल घेतली आणि तिच्यात जोतीरावांचा माणूस बसवला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पेनच्या बागाईत पाटांपासून नेपाळ-फिलिपिन्सच्या पाटांपर्यंत सामाईक पाणी लोक कसे टिकवतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. नियम जागेवरच्या माणसांनी ठरवलेले असावेत, देखरेख करणारा त्यांना उत्तरदायी असावा, कुणाचा किती वाटा हे स्पष्ट असावे, असे त्यांना आढळले. नायगावकरांना हे वाचून माहीत झालेले नव्हते. मात्र त्यांच्या नियमांत एक गोष्ट जास्तीची होती, ती समानतेची.

नायगावचा प्रयोग चालू होता त्याच सुमारास चंडीगडजवळ, शिवालिकच्या पायथ्याच्या सुखोमाजरी गावात पी. आर. मिश्र यांच्या प्रेरणेने पाणी प्रत्येक घराला सारखे मिळू लागले, भूमिहीन घरांनाही. आणि सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर बळीराजा धरण लोकांनी बांधले. मुक्ती संघर्ष चळवळीने तिथे नदीची वाळू विकून पैसा उभा केला, के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने आराखड्याला हात लावला, आणि पाणी तिथेही घरटी सारखे, जमीन असो वा नसो, असे ठरले. पुढे आटपाडी परिसरातल्या पाणी परिषदांतून, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली ‘समन्यायी पाणीवाटप’ ही मागणी दुष्काळी तालुक्यांची घोषणा बनली. एकमेकांपासून दूर असलेली माणसे एकाच सूत्राजवळ आली.

आता अडचणींचे. स्मरणिकेत त्या लिहू नयेत असा एक संकेत असतो. तो पाळला तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच पडणार नाही. उपसा योजना विजेवर चालते. विजेचे दर वाढत गेले, भारनियमन आले, मोटरी जळू लागल्या, पाइप गंजले. पहिल्या पिढीने पैसे घातले होते, भांडणे सोसली होती. त्यांच्या मुलांना योजना आयती मिळाली. घर फुटले की माणशी हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि तो मांडायला सारा गट एकत्र बसावा लागतो. काही गावांत ती बैठक झालीच नाही. मग कुणीतरी आपली बोअर घेतली. बोअरला पंच नाही, पाळी नाही, वही नाही. शेजाऱ्याने त्याहून खोल घेतली. तालुक्यात पुरंदर उपसा सिंचन योजनेने मुळा-मुठेचे पाणी चढवून आणले, त्याचा अनेक गावांना लाभ झाला. पण बाहेरचे पाणी आले की गावच्या पाण्याचा संयम सैल पडतो, हेही दिसले. काही योजना बंद पडल्या. २००२ साली विलासराव गेले. कल्पनाताईंनी काम पुढे नेले आणि संस्थेची घडी मोडू दिली नाही, याचे ऋण शब्दांत मांडणे कठीण आहे.

बंद पडलेल्या योजनांकडे बोट दाखवून ‘हे आदर्शवादी होते, चालणारच नव्हते’ असे म्हणणारे भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. सरकारी उपसा योजनाही बंद पडतात, सहकारी उपसाही बंद पडतो, आणि तिथे माणशी वाटणीचा नियम नव्हता. उलट ज्या गटांत पंच नियमाने बसत राहिले, पट्टी नियमाने भरली गेली, ऊस दूर ठेवला गेला, तिथे विहीर पुरली. समानतेने योजना बुडाली असे एकही उदाहरण मला सांगता येणार नाही. समानता सोडल्यावर एकमेकांवरचा भरवसा उडाला आणि त्यापाठोपाठ योजना बुडाली, हे घडण्याचा क्रम सरळ दिसतो. जो माणूस वाट्यात नाही, तो बांध फुटताना पाहून घरी जातो.

कायद्याने या विचाराची दखल घेतली, पण अर्धीच. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. टंचाईच्या काळात लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल इतके पाणी मिळावे, अशी तरतूद आली. त्याच वर्षी सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदाही झाला. टंचाईत सगळ्यांचे थोडे तरी भागावे, ही नायगावची भाषा तिथे ऐकू येते. मात्र कायद्याने धरलेला माणूस ‘जमीनधारक’ आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो तिथे अजूनही नाही. ओडिशाने २००२ साली पाणी पंचायत या नावाने कायदा केला; तिथेही पाण्याचा हक्क कालव्याखालच्या शेतकऱ्यांचाच राहिला.

आणि गावागावांतल्या बोअरला तर पंचही नाही, वहीही नाही. संस्थेपुढचे काम त्यामुळे मला विहिरीपेक्षा बोअरचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ओलितासाठी बोअर घेणे थांबवले, ऊस-केळी नाकारली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचे पीक ठरवण्याचा परिपाठ घातला. पाणी जमिनीखाली असले तरी ते सामाईक आहे, हे त्या गावाने मान्य केले. पुरंदरमध्ये आपल्याला हेच माणशी हिशेबाने करायचे आहे. एका पाणलोटातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर एकाच वहीत उतरवाव्यात, पावसाळा संपला की ऑक्टोबरात पातळी मोजावी, आणि किती पाणी आहे हे ग्रामसभेत फळ्यावर लिहून मगच कोण किती उपसणार ते ठरवावे. २००९च्या भूजल कायद्याचा आधार त्याला घेता येईल, पण कायद्याची वाट पाहत थांबू नये. विलासरावांनीही थांबून पाहिले नव्हते. ही वही ज्या गावात पहिल्यांदा उघडली जाईल, तिथे पहिल्या पानावर भूमिहीन घरांची नावे लिहावीत, ही माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे. त्यांची पाळी गेल्या पन्नास वर्षांत सगळ्यांत शेवटी आली.